एक लाख येन आणि थोडा बर्फ

खिशात पैसे थोडे असले म्हणजे माणूस नकाशा फार बारकाईने वाचतो. पैसेवाला नकाशावर बोट ठेवतो आणि तिकीट काढतो. आमच्यासारखा मात्र त्या बोटाखाली स्टेशन कोणते, तिथून बस किती वाजता, आणि ती चुकली तर पायी किती, हे पाहिल्याशिवाय बोट उचलत नाही. गेले दोन महिने मी असाच जपानच्या नकाशावर बोट ठेवून बसलो आहे.

तोक्योच्या निशी-कासाई भागात आमचे बिऱ्हाड आहे. साडेतीन वर्षांपूर्वी नोकरीच्या करारावर आलो. येत्या मार्चअखेर करार संपतो आणि आम्ही पुण्याला परत जातो. आलो त्याच वर्षी मी मुलीला शब्द दिला होता, “तुला बर्फात नेईन, स्की शिकायला.” तेव्हा ती सात वर्षांची होती. पहिला हिवाळा घराच्या अनामतीत गेला, दुसरा माझ्या वडिलांच्या ऑपरेशनात, तिसरा विमानभाड्यात. आता ती अकरा वर्षांची आहे आणि तिने आठवण करून देणे बंद केले आहे. मुले मागायची थांबली म्हणजे बापाने सावध व्हावे, असे मला वाटते.

तेव्हा यंदा ठरले. फेब्रुवारीत तीन दिवस, तीन माणसे आणि एक लाख येन. लाख म्हटले की छाती फुगते. पण आपल्या रुपयांत ते साठ हजारांच्या आतच.

पहिले बोट अर्थातच होक्काइदोतील निसेकोवर पडले. तिथला बर्फ म्हणे पिठीसारखा कोरडा. त्या पिठीच्या ओढीने आधी ऑस्ट्रेलियन आले, मागोमाग साऱ्या जगाचे पैसेवाले आले, आणि आता तिथल्या साध्या जेवणाच्या किमतींच्याही बातम्या होतात. शिवाय तिघांचे विमान. सौभाग्यवतींनी वहीत निसेको लिहिले आणि त्यावर शांतपणे रेघ मारली.

पण जपानात बर्फासाठी इतके लांब जायचे कारणच नाही, हे मला नकाशाने शिकवले. हिवाळ्यात सायबेरियाकडून थंड वारा सुटतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्यातून एक कोमट प्रवाह वाहतो. वारा त्यावरून बाष्प उचलतो, बेटाच्या मधल्या डोंगरांना धडकतो आणि सगळे ओझे पश्चिमेच्या उतारावर टाकून रिकामा होतो. पूर्वेला तोक्योत निळे आकाश आणि कोरडे ऊन! हा तर आपल्या सह्याद्रीचाच खेळ. कोकणात धो धो आणि घाटमाथा ओलांडला की देशावर नुसते ढगच. फक्त पावसाच्या जागी बर्फ. म्हणजे आम्हांला फक्त घाट ओलांडायचा होता.

त्या घाटापलीकडचे गाव म्हणजे निइगाता प्रांतातले युझावा. कावाबातांची ‘युकिगुनी’ ही कादंबरी याच गावावरची. स्कीही या प्रांताला नवी नाही. १९११ साली थिओडोर फॉन लेर्ख नावाच्या ऑस्ट्रियन मेजरने जपानी सैनिकांना ही विद्या शिकवली, ती याच प्रांतातल्या ताकादा गावी. त्याच्या पद्धतीत दोन काठ्यांऐवजी एकच लांब काठी असे. “तीच पद्धत चालू राहिली असती तर भाड्यात एक काठी वाचली असती,” असे मी म्हणालो. सौभाग्यवती हसल्या नाहीत. त्या बेरीज करीत होत्या.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस जपानात पैशाला पूर आला आणि सारा तरुण जपान स्कीवर स्वार झाला. १९९० साली तर युझावात, शिन्कान्सेनमधून उतरावे आणि थेट बर्फावर जावे, असे एक स्टेशनच उघडले. गावात सुट्टीसाठी उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. मग पूर ओसरला. आज त्या इमारतींतले काही फ्लॅट विक्रीला आहेत, किंमत एक लाख येन! आमच्या तीन दिवसांच्या सहलीएवढी. “मग सहल कशाला, घरच घेऊ या की,” सौभाग्यवती म्हणाल्या. पण मेख अशी, की घर स्वस्त आणि त्याचा दरमहाचा देखभाल खर्च व कर महाग. हत्ती फुकट मिळाला तरी त्याला ऊस कोण घालणार?

आता प्रवास. शिन्कान्सेन सव्वा तासात पोचवते, पण तिघांचे जाऊन येऊन चौतीस हजार. सर्वांत स्वस्त म्हणजे स्कीची रात्रीची बस. इथे सौभाग्यवतींनी पेन्सिल खाली ठेवली. १५ जानेवारी २०१६ च्या पहाटे अशीच एक बस कारुइझावाजवळ दरीकडे कोसळली. पंधरा माणसे गेली. त्यांत बहुतेक महाविद्यालयीन मुले होती. नंतर चौकशीत निघाले, की कायद्याने ठरलेल्या किमान भाड्याहूनही कमी पैशांत ती फेरी घेतली होती. त्यानंतर नियम कडक झाले, आजच्या बसगाड्या बऱ्या असतीलही. “पण चालकाच्या झोपेतून पैसे वाचवायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

मग सापडला तिसरा मार्ग. साध्या गाड्यांनी, ताकासाकी आणि मिनाकामी इथे बदलत, चार तासांच्या आसपास आणि निम्म्या पैशांत. सतरा हजार वाचले! वाटेत दोआई नावाचे स्टेशन आहे. त्याचा एक फलाट बोगद्याच्या पोटात आहे आणि वर यायला ४६२ पायऱ्या आहेत. शिन्कान्सेनवाल्यांना तो दिसत नाही. गरिबाच्या वाटेवर नेहमीच काहीतरी जास्तीचे दिसते.

मुक्कामाला घरगुती खानावळवजा ‘मिन्शुकु’. जेवणाशिवाय राहिले तर दर पुष्कळ उतरतो. त्याला ‘सुदोमारी’ म्हणतात. आमचे घर शाकाहारी, आणि इथल्या साध्या मिसो सूपमध्येही मासळीचा अर्क असतो. तेव्हा सुदोमारी आम्हांला धर्म आणि अर्थ दोन्ही अंगांनी मानवली. दशम्या, तिळाची चटणी आणि मेतकूट घरून. कमी पडले तर कोपऱ्यावरच्या दुकानात आंबट उमे घातलेले भाताचे गोळे आहेतच.

तरुणांना पुन्हा बर्फाकडे वळवण्यासाठी इथे एक योजना आहे. एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना अनेक ठिकाणी लिफ्ट फुकट. आमच्या घरात एक अकराची, एक चव्वेचाळीसची आणि एक एकोणपन्नासचा. एकोणिसाच्या आसपास कोणीच नाही.

दोन दिवसांचे स्कीचे सामान आणि कपडे भाड्याने धरले तेव्हा बेरीज लाखाच्या पलीकडे गेली. मी माझ्या नावावर रेघ मारली. मुलगी शिकेल, मी काठावरून पाहीन. सौभाग्यवतींनी ती रेघ खोडून काढली. “तुम्हीसुद्धा पडा,” त्या म्हणाल्या. “तिला एकटीला पडायची लाज वाटेल.” स्वतःचे नाव त्यांनी आधीच सामानाच्या यादीतून गाळले होते, ते मला तेव्हा दिसले. शेवटी पहिल्या दिवशीची लिफ्ट काटली, कारण पहिल्या दिवशी उभे राहणे जमले तरी खूप. शनिवार-रविवार टाळून मंगळवार ते गुरुवार धरले. हातमोजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून. तीन गोष्टींना मात्र कात्री लावली नाही. मुलीला अर्धा दिवस शिकवणारा शिक्षक, दोघांची हेल्मेटे आणि काही शे येनांचा विमा.

खोली ठरवायला फोन केला तेव्हा पलीकडे एक आजीबाई होत्या. मी मोठ्या कौतुकाने म्हणालो, “आम्ही बर्फ पाहायला येतोय.” त्या म्हणाल्या, “या, या. जाताना थोडा घेऊनही जा.” त्या गावी रस्त्यांतल्या नळ्यांतून जमिनीखालचे पाणी उडवून बर्फ वितळवतात, आणि छपरावरचा फावड्याने ओढावा लागतो. आपल्या सुट्टीची वस्तू ती दुसऱ्याच्या कंबरेचे दुखणे असते, हे ध्यानात ठेवून जावे, एवढेच मी मनाशी ठरवले.

काल रात्री हिशेब पुरा झाला. सत्त्याण्णव हजार. सकाळी वही उघडली तर यादीच्या तळाशी शाईने एक ओळ वाढलेली. अक्षर आमच्या मुलीचे. गेली दोन वर्षे तिने या विषयावर चकार शब्द काढला नव्हता.

‘बर्फ – ० येन.’