उन्हाच्या मुलखातील एक दिवस

सुटी लागली की आपली कुटुंबे कोकणातील समुद्रकिनारी धाव घेतात. दक्षिण सोलापूरच्या रखरखीत माळरानात काय पाहावयाचे, असे मलाही वाटत असे. बँकेच्या नोकरीत अक्कलकोट रस्त्याने वळसंगवरून मी अनेकदा गेलो. तेथील विहीर मात्र निवृत्तीनंतर पाहिली. सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव असलेल्या दलित बांधवांनी ती खोदली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

आपण पाणी गाळून पितो, थेंबातील सूक्ष्म जीवांचीही काळजी वाहतो. तहानलेल्या माणसाची तितकी वाहिली का, हा प्रश्न त्या काठावर मला टाळता आला नाही.

तेथून भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल गाठावे. संगमेश्वर मंदिरातील शके ९४०चा (इ. स. १०१८) शिलालेख मराठीच्या प्राचीनतम लेखांपैकी एक आहे.

हिवाळ्यात सकाळीच निघावे. कडक भाकरी व लसणाविना केलेली शेंगाचटणी सोबत घ्यावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते. मुलांना समुद्र अवश्य दाखवावा. परंतु त्याआधी ही विहीर दाखवावी.