अनोळखी बाकावरचा नाताळ

नाताळात धर्मगुरूने परगावी जावे, ही कल्पनाच आपल्याकडे कोणाला रुचत नाही. ऐन लग्नघाईत घरच्या कर्त्यानेच घराबाहेर पडावे, तसे ते लोकांना वाटते. त्यातून ते परगाव परदेशी, आणि जाणारा एकटा! यंदा माझा तसा बेत आहे हे कळताच जुन्या धर्मग्रामातील एका आजीने पहिला प्रश्न केला, "फादर, तिथं तुम्हाला जेवायला कोण वाढणार?"

हा योग बदलीमुळे आला. नोव्हेंबरात मी एका धर्मग्रामाचा कार्यभार सोपवला. दुसऱ्याचा जानेवारीत स्वीकारायचा आहे. मधला नाताळ मोकळा राहिला. धर्मनियमसंहितेच्या ५३४ व्या कलमानुसार प्रमुख धर्मगुरूने दर रविवारी आणि आज्ञापित सणांना आपल्या लोकांसाठी मिस्साबलिदान अर्पण करायचे असते. यंदा 'आपले' म्हणावेत असे लोकच माझ्याकडे सोपवलेले नसतील. गुरुदीक्षेनंतरचे २७ नाताळ मी वेदीपाशी साजरे केले. वेदीवरून शेवटचे बाक चांगले दिसतात. मुले कॅनडात किंवा आखातात असलेली म्हातारी माणसे, नवऱ्यामागे एकट्या राहिलेल्या बाया तेथे बसतात. मिस्सा संपल्यावर मंडपात केक वाटला जात असतो, शुभेच्छांची देवाणघेवाण चाललेली असते, तेव्हा ती निमूटपणे फाटकाबाहेर पडतात. त्या बाकावरून नाताळ कसा दिसतो, हे वेदीवरून कळत नाही.

थोरला भाऊ म्हणाला, "घरी ये." पण घरी गेलो तरी मी फादरच. तेथील प्रमुख धर्मगुरू प्रेमाने एक मिस्सा माझ्याकडे देणार, शेजारी भेटीला येणार. बेथलेहेम आणि रोम मी यात्रेकरूंच्या तुकड्यांबरोबर पाहिले आहेत, म्हणजे हातात झेंडा धरून माणसे मोजत पाहिले आहेत. आता मोजायला माझ्यावाचून दुसरे कोणी नको होते. म्हणून ऑस्ट्रियातील ओबर्नडोर्फ हे गाव निवडले.

साल्झबर्गच्या उत्तरेला, साल्झाख नदीच्या काठी हे छोटे गाव आहे. १८१८ सालच्या २४ डिसेंबरला तेथील संत निकोलसच्या चर्चमध्ये 'स्टिले नाख्ट' हे गीत प्रथम गायले गेले. त्याची कविता योसेफ मोर या २६ वर्षांच्या सहायक धर्मगुरूने दोन वर्षांपूर्वीच लिहिली होती. त्या दिवशी ती त्याने शाळामास्तर फ्रान्झ क्झावर ग्रूबर यांच्या हाती दिली, त्यांनी चाल लावली आणि दोघांनी गिटारच्या साथीने ती गायली. आज ते गीत तीनशेहून अधिक भाषांत गायले जाते. आपणही ते मराठीत गातो. मोर हा एका अविवाहित विणकरणीचा मुलगा. बाप सैन्यातून पळून गेलेला. अशा जन्मामुळे सेमिनरीत जाण्यासाठी त्याला खास परवानगी घ्यावी लागली होती. ओबर्नडोर्फमध्ये तो जेमतेम दोन वर्षे राहिला. १८१९ मध्ये त्याची बदली झाली आणि पुढे एका धर्मग्रामातून दुसऱ्यात फिरत १८४८ साली तो वाग्राइन येथे गरिबीत वारला. ते जुने चर्चही उरलेले नाही. नदीच्या पुरांनी ते खिळखिळे झाले आणि पाडले गेले. त्या जागी आता मोजकीच माणसे मावतील असे एक चॅपल आहे. बदल्यांवर आयुष्य काढणाऱ्याला हे सारे जवळचे वाटते.

आता तयारीविषयी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी, आणि फार तर सहा महिने आधी करता येतो. ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, राहण्याची सोय आणि परतीचे तिकीट दाखवावे लागते. प्रवासाच्या हेतूसमोर पर्यटन, व्यवसाय, नातलगांची भेट, शिक्षण अशा चौकटी असतात. प्रार्थनेसाठी चौकट नाही. मी 'पर्यटन' या चौकटीत खूण केली. तेही खोटे नव्हते.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मात्र त्यांचे शहाणपण पटले. ऑस्ट्रियात २४ तारखेची संध्याकाळ घरच्या माणसांची असते. दुकाने दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात. २५ तारीख आणि २६ तारखेचा संत स्तेफनचा सण, दोन्ही दिवस सुट्टीचे. खानावळीही बहुतेक बंदच. साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि पारा शून्याच्या आसपास असतो. म्हणून वहीत लिहून ठेवले आहे: २४ ला सकाळीच पाव, चीज, फळे, चहाच्या पुड्या घेणे, खोलीत पाणी तापवण्याची सोय आहे ना, विचारणे, परतीच्या गाडीची वेळ आधी पाहणे, सणाच्या रात्री गाड्या कमी असतात, लोकरी मोजांचे दोन जोड. त्या संध्याकाळी पाच वाजता चॅपलसमोरच्या मैदानात स्मरणसोहळा होतो आणि तेच गीत अनेक भाषांत गायले जाते. पुढे मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी साल्झबर्गला परतायचे.

एक गोष्ट ठरवायला सर्वांत जास्त वेळ लागला. अनोळखी धर्मगुरूला मिस्सा अर्पण करू द्यावी म्हणून महागुरूंचे ओळखपत्र जवळ बाळगायचे असते. ९०३ व्या कलमात त्याची तरतूद आहे. ते पत्र मी मागून घेतले आहे. ते दाखवले की सॅक्रिस्टीचे दार उघडेल, झगा मिळेल, वेदीपाशी जागा मिळेल, आणि मी पुन्हा माझ्या नेहमीच्या बाजूला जाऊन उभा राहीन. त्या रात्री ते पत्र पिशवीतच राहील. जर्मन प्रवचनातील चार शब्दही न कळता मी शेवटच्या बाकावर बसेन, आणि मिस्सा संपल्यावर कोण माझ्याशी बोलते, कोण नाही, ते पाहीन. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पत्र दाखवून एखादी बाजूची वेदी मागेन. त्या मिस्सेचा हेतू ठरला आहे: जानेवारीत ज्यांचा मी होणार आहे, ते माझे नवे लोक. कलमाने तो अद्याप सांगितलेला नाही. त्यांच्यापैकी शेवटच्या बाकावर कोण बसते, हे मला अजून ठाऊक नाही. गेल्यावर पहिल्या रविवारी तेच आधी पाहायचे आहे.