दोनच शस्त्रें

वाचकहो, शाळेच्या वार्षिकांत बंदुकांची चर्चा पाहून आपण दचकूं नये. या बंदुका पडद्यावरच्या आहेत. त्यांच्यामुळें आमच्या घरीं कोणास दुखापत झाली नाहीं. एक भांडण मात्र झालें, त्याचीच ही हकीकत.

सुटींत मामांनीं आपलें जुनें एक्सबॉक्स यंत्र आम्हांस दिलें व त्याबरोबर 'हेलो' नांवाचा खेळही दिला. अमेरिकेंतील बंजी मंडळीनें तो १५ नोव्हेंबर २००१ रोजीं बाहेर आणिला. आकाशांत तरंगणाऱ्या एका प्रचंड वलयाकार जगावर एक चिलखतधारी शिपाई 'कव्हेनंट' नामक परग्रहवासी सैन्याशीं लढतो, इतकें कथानक ठाऊक असलें म्हणजे पुरे. खरी मौज निराळीच आहे. १९९३ सालच्या 'डूम' खेळांतील वीर सांपडेल तें प्रत्येक हत्यार पाठीशीं बांधून हिंडे; येथें मात्र दोनच शस्त्रें जवळ बाळगतां येतात. तिसरें हवेंसें वाटलें, तर हातचें एक तेथेंच टाकावें लागतें.

शत्रूचे 'एलीट' योद्धे ऊर्जेचें कवच पांघरून येतात. त्यावर शिशाच्या गोळ्या झाडीत बसणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शत्रूच्याच प्लाझ्मा पिस्तुलाचा घोडा दाबून धरिला, हिरवा गोळा फुगूं दिला आणि मग सोडिला, कीं एका तडाख्यांत तें कवच नाहींसें होतें. लगेच आपलें बारा गोळ्यांचें साधें पिस्तूल काढून मस्तकाचा वेध घ्यावा. 'हंटर' नांवाचे अजस्र प्राणी तर या पिस्तुलाच्या एकाच गोळीनें आडवे होतात. फक्त ती पाठीवरील नारिंगी, उघड्या भागावर बसावी लागते. दिसावयास भारदस्त अशी साठ गोळ्यांची असॉल्ट रायफल दूरच्या माऱ्यास कुचकामी आहे. प्रथम आम्ही तिच्या रुबाबावरच भाळलों होतों, हें कबूल केलेलें बरें.

दुसरी चूक याहून मोठी. एका प्रकरणाच्या आरंभीं, रात्रीच्या काळोखांत, दुर्बीण लाविलेली लांब पल्ल्याची बंदूक मिळते. तिच्यांत एका वेळीं चारच गोळ्या मावतात. त्या पुढें कामास येतील म्हणून आम्हीं जपून ठेविल्या, आणि शत्रूच्या जहाजांतील अरुंद बोळांत, जेथें दुर्बिणीचा कांहींच उपयोग नाहीं तेथें, खिसे भरलेले असतांना मेलों. धाकटा भाऊ शेजारीं बसून खेळत होता. तो म्हणाला, "दादा, गोळ्या बँकेंत ठेवणार होतास काय?"

पुढें 'लायब्ररी' नांवाचें प्रकरण लागतें. नांव ग्रंथालयाचें, परंतु आंत पुस्तक औषधालाही नाहीं. तेथें 'फ्लड' नांवाचे जीव लोंढ्यासारखे अंगावर येतात. मोठे असतात त्यांना जवळून शॉटगनच हवी. त्यांतला पडलेलाही कधीं कधीं पुन्हा उठतो. लहान असतात ते फुग्यासारखे फुटतात, पण डझनावारी चिकटतात. शॉटगन आम्हीं घेतली, कारण आम्ही वडील. वाटेंत दुसरी शॉटगन पडलेली दिसली, तेव्हां भाऊ म्हणाला, "दादा, ही मी घेऊं?" आम्हीं म्हटलें, "राहूं दे. तिच्यांतलीं काडतुसें मला लागतील." टाकलेल्या बंदुकीवरून चालत गेलें कीं तिच्यांतील काडतुसें आपोआप आपल्याजवळ येतात, तीं आम्हीं त्याच्यादेखत उचललीं. तो रायफल घेऊन आमच्या मागें चालूं लागला. एकदां मेला, दोनदां मेला. जोडीदार सुरक्षित जागीं पोंचला कीं मेलेला पुन्हा उभा राहतो, म्हणून आम्हांस त्याचें कांहीं वाटलें नाहीं. पांचव्या खेपेस त्यानें कंट्रोलर सतरंजीवर ठेविला आणि एक शब्दही न बोलतां झोंपावयास गेला.

दुसऱ्या दिवशीं आम्ही एकटेच बसलों. आतां शॉटगनही आमची, रायफलही आमची. परंतु शॉटगनमध्यें बारा काडतुसें मावतात व तीं एकेक करून भरावीं लागतात. तें होईतों पाठीमागून लहान जीवांचा थवा येई. आदल्या दिवशीं तो का आला नव्हता, हें तेव्हां ध्यानांत आलें. ज्या रायफलीस आम्ही हिणवीत होतों, तिनेंच भाऊ आमची पाठ राखीत होता, आणि आम्ही पुढचे मोठे जीव मोजण्यांत दंग होतों. सायंकाळपर्यंत एकाच दारापाशीं आम्ही किती वेळां मेलों, हें आईलाही ठाऊक आहे. तिनें दोनदां जेवावयास हांक मारिली होती.

भाऊ आंतल्या खोलींत गणितें करीत होता. आम्ही जवळ जाऊन बसलों. बराच वेळ त्याच्या वहींतील अपूर्णांक पाहिल्यासारखें केलें आणि मग म्हणालों, "चल, आज शॉटगन तुझी."

त्यानें मान वर न करितांच विचारलें, "आणि काडतुसें?"