अर्थ कच्चा आहे

आपल्या मोटारीला लाल दिवा असावा, ही आमच्या घराण्याची जुनी इच्छा. ती माझ्या पिढीत पुरी झाली. फक्त तो दिवा टपावर न येता आत, स्टिअरिंगच्या मागं आला. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या मोटारींवरचे लाल दिवे गेले, माझा मात्र अजून आहे. त्यावर तेलाच्या बुधलीचं चित्र असून बुधलीच्या तोंडातून एक थेंब गळत असतो.

मोटार म्हणजे मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी आणि माझ्याआधी तीन मालक. हा दिवा पेटत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, अशी माझी समजूत होती. एका उन्हाळ्यात परंड्याहून भूमला येताना इंजिनानं आधी किटकिट केली, मग खडखड केली आणि मग ते जे गप्प झालं ते झालंच. दिवा शेवटपर्यंत पेटला नाही. कारण त्याचा बल्बच उडालेला होता.

"गुरुजी, चावी फिरवली की गाडी चालू व्हायच्या आधी हा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेला म्हणून समजायचं. तुम्ही कधी बघितलंच न्हाई का?" मिस्त्रीनं विचारलं. वीस वर्षं पोरांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शेरे मारणाऱ्या मला, समोर लाल शेरा नाही याचीच चिंता करायची असते, हे कुणी शिकवलं नव्हतं. "आणि दिवा चांगला असता तरी काय," तो पुढं म्हणाला, "तेलाचा दाब पार तळाला गेल्यावर तो पेटतो. वरात गेल्यावर बँड."

दुरुस्तीला एका दुभत्या म्हशीचे पैसे गेले. हा हिशेब अण्णांचा. आमच्या घरात मोठे खर्च अजून म्हशीत मोजतात.

म्हणून मी पुण्याला गेलो तेव्हा नाना पेठेतून दोन मीटर घेऊन आलो. एक तेलाच्या दाबाचा, एक व्होल्टचा. काळी तबकडी, पांढरे आकडे, तांबडा काटा. दिवा फक्त होय किंवा नाही म्हणतो, काटा मात्र किती ते सांगतो. दाब हळूहळू कमी होत असेल तर आठवडाभर आधी कळतं. घरात मी हे सगळं समजावून सांगितलं. आमच्या हिनं विचारलं, "मग यात वेळ कळत नाही?"

अण्णांनी तर मीटर हातात घेऊन वास घेतला. त्यांनी पस्तीस वर्षं खव्याची भट्टी चालवलेली. भूमच्या पंचक्रोशीत खवा म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी एवढंच, की पाच लिटर दूध धगीवर घोटत बसलं की किलोभर पदरात पडतो. एक मिनिट जास्त झालं की करपला, एक मिनिट कमी झालं की दोन दिवसांत आंबला. "तिथं कुठं काटा होता? उलथन्याचा आवाज बदलला की कढई खाली. तुला कान न्हाईत का?"

कान होते. त्या कानांनी किटकिट ऐकलीही होती. पण मला वाटलं, दाराच्या खिशात सुटे पैसे वाजतायत.

मीटर बसवण्याच्या कामाला दोन रविवार लागले. हे काम करताना माणसाला डॅशबोर्डखाली पाठीवर झोपावं लागतं. पाय दाराबाहेर आणि तोंडात स्क्रू. आळीतली माणसं येताजाता माझ्या पायांनाच "काय गुरुजी, बरंय ना?" म्हणून विचारत होती. तांबडी वायर फ्यूजमधून चावीच्या लाइनला, काळी बॉडीला, पिवळी तबकडीतल्या बल्बला आणि हिरवी इंजिनाकडं. इंजिनाच्या पत्र्याला भोक पाडून त्यात रबराचा बूच घालायचा, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते आणि गाडी पेटते. तिकडं इंजिनाला तेलाच्या दाबाची खूण पाठवणारी एक पितळी डबी बसवायची असते. तिचे आटे गळू नयेत म्हणून मी नळाला गुंडाळतात तशी टेफलॉनची पट्टी चांगली आठ वेढे गुंडाळली. स्टार्टर मारला. काटा उसळून टोकाला गेला आणि तिथंच चिकटला.

मिस्त्री वाकून बघत म्हणाला, "गुरुजी, अर्थ लागंना."

तीस पोरांसमोर कवितेचा तास घेताना हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! पण त्याचा अर्थ निराळा. विजेला परतीची वाट लागते आणि मोटारीत ती वाट म्हणजे गाडीचा पत्रा. त्या वाटेला हे लोक अर्थ म्हणतात. डबीचा अर्थ तिच्या आट्यांतूनच इंजिनाला मिळतो आणि मी नेमका तोच पट्टीनं बांधून टाकला होता. पट्टी काढली, काटा शहाण्यासारखा मध्यावर आला.

दिवसा. संध्याकाळी हेडलाइट लावले की दोन्ही काटे एकेक घर खाली बसायचे, हॉर्न दिला की मुजरा करायचे. "बॉडीचा अर्थ कच्चा हाय," मिस्त्री म्हणाला. काळी वायर ज्या बोल्टखाली दाबली होती तिथं पत्र्यावर रंग होता. रंग खरवडायला पाच मिनिटं लागली असती. मी म्हटलं, बघू पुढच्या रविवारी. असे चार महिन्यांचे रविवार गेले. रात्रीच्या आकड्यात एक घर मिळवायचं, अशी मी तडजोड केली होती. वाढीव गुण द्यायची मला सवय आहेच.

मग एका रात्री अकराला अण्णांना घाम फुटला. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाले. बार्शी गाठायची ठरलं. मागं ही अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी निघालो. गाव मागं पडलं, एक खड्डा लागला आणि तेलाचा काटा सरळ शून्यावर गेला.

परंड्याच्या रस्त्यावरची किटकिट आठवली. पुढं गेलो आणि इंजिन पुन्हा पकडलं तर मध्यरात्री रस्त्यात अण्णांना घेऊन उभा राहणार. थांबलो तर तेच. मी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. नीट पाहिलं तर व्होल्टचाही काटा तळाला. तेल आणि वीज एकाच खड्ड्यात कशी मरतील? हेडलाइट बंद केले. दोन्ही काटे उठून उभे राहिले. लावले, झोपले. लाल दिवा नव्या बल्बसकट विझलेला. मी काच खाली केली आणि, खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा इंजिन ऐकलं.

"काय झालं रं?" मागून अण्णांचा आवाज.

"काही नाही. अर्थ कच्चा आहे."

"मग चल की."

बार्शीत डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे नव्वद. अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, "डॉक्टर, ती ट्यूबलाइट घालवून परत एकदा बघा." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. आकडा तोच राहिला. विचारता विचारता बाहेर आलं, की अण्णांनी रक्तदाबाची गोळी चार महिन्यांपूर्वीच सोडली होती. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?

चार महिने! मी त्यांना काही बोलू शकलो नाही. माझे रविवारही तेवढेच झाले होते.

त्यांना तिथंच ठेवून घेतलं. पहाटे डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. मी खाली आलो, बोल्ट काढला आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून अण्णांच्या बंडीतल्या अडकित्त्यानं पत्रा चकचकीत होईपर्यंत रंग खरवडला. बोल्ट आवळला. हेडलाइट लावले, हॉर्न दिला. वॉचमन धावत आला, पण काटा हलला नाही.

वर गेलो तर अण्णा जागे होते.

"काटा काय म्हणतोय?"

"कुणाचा?"

"गाडीचा. माझा ती सिस्टर तासातासाला सांगती." ते बंडीचे खिसे चाचपू लागले. "आणि माझा अडकित्ता कुठं गेला रं?"