आर राहू दे, आक्का

ती. आक्का,


नव्या घरात मातीचीच चूल घालणार आणि ती तूच घालणार, असं तू सगळ्यांना ठणकावून सांगितलंस म्हणे. भाच्यानं माझ्याकडं तक्रार केली, त्याच्यामागून सूनबाईनंही केली. गॅस आहे, ओटा होतोय, त्यावर काळा दगडही ठरलाय, तरी आईला चूल पाहिजे. मी दोघांना एवढंच म्हणालो, पाहिजे तर पाहिजे. पण का पाहिजे, हे विचारलं का कुणी?

विचारलं नसणारच. चुलीच्या बाबतीत बाईला विचारायची आपल्याकडं रीत कुठंय? ती सरकारी बिनधुराची चूल आठव. मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होतो, दिवाळीला घरी आलो तर माळवदातून नळकांडं बाहेर आलेलं. गावभर कौतुक. मिस्तरीनं अर्ध्या दिवसात चूल बांधली, अण्णांनी जागा दाखवली, ग्रामसेवकानं अंगठा घेतला. तू आणि माय दाराआडून बघत होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तू भाकरी थापलीस, तव्यावर एक बाजू शेकली, उलटली, आणि सवयीनं चुलीच्या तोंडाशी लावायला गेलीस. तिथं आर कुठं होता? तोंड एवढंसं, की निखारा पुढं ओढायलाच जागा नाही. भाकरी फुगली नाही. तू काही बोलली नाहीस. दुपारी खुरपं घेतलंस आणि ते तोंड चांगलं चार बोटं रुंद करून टाकलंस.

मग काय, धुराड्याची ओढ गेली आणि धूर पुन्हा घरात. अण्णा म्हणाले, बायकांना नवं काही समजत नाही. आक्का, मी पुढं तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, म्हणून सांगतो. तोंड केवढं, आतली जागा केवढी, धुराडं किती उंच, हे सगळं एकमेकांवर बेतलेलं असतं, हे खरं. पण ज्यानं ते बेतलं त्यानं भाकरी धरलीच नव्हती हिशेबात. तुला जे लागत होतं ते तू खुरप्यानं करून घेतलंस. समजत कुणाला नव्हतं, सांग बरं?

ती चूल आली तो दिल्लीचा कार्यक्रम होता, 1983 च्या शेवटाला निघालेला. 2002 साली केंद्रानं त्यातून अंग काढून घेतलं, तोवर देशात तीन कोटींहून जास्त सुधारित चुली बसवल्याची नोंद झाली होती. त्यात आपली एक. कागदावर ती अजून पेटत असेल.

आणि बिनधुराची चूल काही तेव्हा पहिल्यांदा सुचली असंही नाही. नांदेड जिल्हा आणि उस्मानाबाद जिल्ह्यातला आपला लातूर तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते ना? त्याच हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू नावाच्या इंजिनिअरनं धुराड्याची चूल तयार केली, आणि 1953 साली लाखो घरांतल्या बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर इंग्रजीत पुस्तकही काढलं. वर्ध्याला मगनवाडीत गांधींच्या माणसांनी मगन चूल केली. माय नवी नवरी होऊन आपल्या घरात आली तेव्हा तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावरचा इलाज राजधानीत लिहून तयार होता. तो आपल्या गावापर्यंत यायला तीस वर्षं गेली, आणि आला तो असा.

आता तुझ्या धाकटीचं ऐक. तिनं बर्मिंगहॅमच्या नव्या घरात शेकोटीसाठी लाकडाची बंद शेगडी घेतली. घेण्याआधी मला फोनवर दोन तास पिडलं. ते अख्खं शहर धूर-नियंत्रित आहे. तिथं कुठलीही शेगडी आणून पेटवता येत नाही, सरकारनं तपासून सूट दिलेल्यांच्या यादीतलीच घ्यावी लागते. धुराड्यातून धूर निघाला तर तीनशे पौंडांपर्यंत दंड. लाकूडही वाळलेलं पाहिजे, त्यात ओल विसात एका भागापेक्षा... नाही, चुकीचं नको सांगायला, शंभरात वीस भागांपेक्षा जास्त नको. ओल मोजायचं यंत्र असतं म्हणे, दोन सुया लाकडात खुपसायच्या. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचं काळं धुकं चार-पाच दिवस बसलं, हजारो माणसं मेली, तेव्हा 1956 साली त्यांनी हा कायदा केला. तिला मी म्हणालो, पोरी, तुझ्या शेकोटीला एवढी चौकशी, आणि तुझ्या आईच्या चुलीला?

आपल्या लातूर शहराचंही नाव आहे एका यादीत. 2019 साली निघालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवा खराब असलेल्या शहरांच्या. तिथं रस्त्यावरची धूळ मोजतात, गाड्यांचा धूर मोजतात. तू भानवशीला टेकून बसतेस तिथं मोजायला कुणी येणार नाही. तिथला कायदा तूच करायचास.

तुला मागं लातूरला दाखवायला नेलं होतं. छातीत शिट्टी वाजते म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, विडी ओढता का? तू अशी काही बघितलंस त्यांच्याकडं! घरी येईपर्यंत बोलली नाहीस. पण तो प्रश्न टाकाऊ नव्हता गं. पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलंय, की ज्यांना हा दम्यासारखा जुनाट फुप्फुसाचा आजार होतो त्यांच्यातल्या शंभरातल्या पंचवीस ते पंचेचाळीस जणांनी जन्मात विडी-सिगारेट ओढलेली नसते. आणि त्याचं मोठं कारण चुलीचा धूर. जगात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा चुलीचा धूर ओढणारे किती तरी जास्त आहेत. तू पन्नास वर्षं ओढतेयस.

मग सोडून दे चूल, असं म्हणत नाही मी. भाच्याला ते सोपं वाटतं. गॅसवर चहा, गॅसवर भाजी, पाहुणे आले की गॅस, हे तू करतेसच. पण टाकी संपली की पैसे बघावे लागतात. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवायला तुझा जीव होत नाही. आणि शेतात तुराट्या पडल्यात, पऱ्हाट्या पडल्यात, उन्हाळ्यात वेचलेली धसकटं आहेत, फुकटचं सरपण सोडून कोण देईल? शिवाय ज्वारीची भाकरी. आराला लावलेल्या भाकरीची वरची पापडी आणि गॅसवर जाळी ठेवून फुगवलेलीची पापडी यांतला फरक मला विचारू नकोस, मी नांदेडच्या फ्लॅटमध्ये रोज दुसरीच खातो.

तर चूल घे, पण बघून घे. मी सांगतो ते बाप्याचं म्हणून उडवून लावू नकोस.

धूर म्हणजे काय, ते एकदा ऐकून घे. लाकूड तापलं की त्यातून वाफा निघतात. त्या वाफांना पुरेशी हवा आणि ऊब मिळाली तर त्या जळतात, तीच ज्योत. नाही मिळाली तर न जळता उठतात, तोच धूर. म्हणजे धूर हे तुझं वाया गेलेलं सरपण आहे. आपल्या मातीच्या चुलीत शंभर भाग उष्णतेतले दहा-पंधराच भाग पातेल्यात जातात. बाकीचे तुझ्या अंगाला, भिंतीला आणि छातीला. म्हणून चांगली चूल दोन कामं करते: आतली ऊब धरून ठेवते आणि हवा खालून घेते. खाली लोखंडी जाळी असते, राख पडून जाते, निखाऱ्याला खालून वारा मिळतो.

बाजारात आता तीन तऱ्हा दिसतील. एक रॉकेट चूल. आत काटकोनात वळलेली नळी, आडव्या तोंडातून बारीक काटक्या सारायच्या, ज्योत उभी वर जाते. आपल्या न्हाणीतला तांब्याचा बंब आठव, मधल्या नळीतून आग कशी ओढली जायची. तुराट्यांना, पऱ्हाट्यांना ही उत्तम, बारीक सरपण हिला मानवतं. दुसरी पंख्याची. छोटा पंखा हवा फुंकतो, म्हणजे तुझी फुंकणी गेली. धूर सगळ्यात कमी हिचा. पण तिला चार्जिंग लागतं, लाकडाचे बोटभर तुकडे करावे लागतात, नाहीतर भुशाच्या कांड्या विकत आणाव्या लागतात. बंगळूरच्या विज्ञान संस्थेच्या मदतीनं अशी एक 'ऊर्जा' नावाची चूल निघाली होती, महाराष्ट्रात घरोघर गेली. पुढं कांड्याच महागल्या आणि चुली माळ्यावर पडल्या. फुकटच्या सरपणाची बाई कांड्या किती दिवस विकत घेईल? तिसरी तुझ्या ओळखीची, सिमेंटची, दोन तोंडांची, धुराड्याची. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं साच्यात ओतायची अशी 'लक्ष्मी' चूल केली, तिला तुझ्या वैलासारखंच दुसरं पातेलं बसतं.

धुराड्याबद्दल मात्र सावध राहा. धुराडं धूर मारत नाही, नुसता घराबाहेर काढतं. बाहेर म्हणजे कुठं? शेजारच्या वहिनीच्या दारात, अंगणात खेळणाऱ्या तुझ्या नातवाच्या नाकात. म्हणून आधी कमी धुराची चूल, मग धुराडं. घेताना आयएसआयचा शिक्का बघ, क्रमांक 13152. बिनपंख्याच्या चुलीनं शंभरात निदान 25 भाग उष्णता पातेल्याला दिली पाहिजे आणि पंख्याच्या चुलीनं 35, असं त्यात आहे. धुराच्या कणांनाही मर्यादा आहे, पंख्याच्या चुलीला निम्म्याहून कडक. दुकानदार नुसतं "धूर होत नाही" म्हणेल. त्याला म्हण, पेटवून दाखव.

आणि दुकानात जाताना पीठ घेऊन जा. हसू नकोस. तवा घे, पीठ घे, तिथं दोन भाकरी कर. तोंडाशी आर ओढता येतो का, बसून हात पोचतो का, तवा डुगडुगतो का, हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार? रॉकेट चुलीत आर फार कमी पडतो, हे मी आधीच सांगून ठेवतो. भाकरी झाल्यावर निखारे घमेल्यात काढून त्यावर जाळी ठेवून फुगवायची, असं आमच्या शेजारची अर्धापूरची बाई करते. तिचं चाललंय. तुझं चालेल का, ते तूच ठरव. नाही चाललं तर ती चूल घेऊ नकोस, कितीही चांगली असली तरी. चार महिन्यांनी तिच्यात कोंबडी बसणार असेल तर पैसे कशाला घालायचे?

आता रागावतो. तू चूल पेटवताना कॅरीबॅग का लावतेस? मागच्या पावसाळ्यात तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलास, मी बघितला. लवकर पेटतं, खरंय. पण त्या धुरापुढं बाभळीचा धूर म्हणजे अगरबत्ती. तुझं सरपण ओलं असतं म्हणून तुला हे सुचतं. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं. तू आधी पाणी उकळतेस, मग लाकूड जाळतेस. वेडी बाभूळ तोडली की उभी चीर, पत्र्याखाली जमिनीपासून वीतभर उंच रचून ठेव, एक उन्हाळा खाऊ दे तिला. गवऱ्यांचा हुडवा झाकतेस तशी तुराट्यांची गंजही झाक. आणि गवऱ्या शक्य तेवढ्या शेतात जाऊ देत. त्या धुमसतात, धूर त्यांचाच जास्त, आणि खत तुला विकत आणावं लागतं ते वेगळंच.

मी दहावीला होतो तेव्हा पहाटे चारला उठून तू मला चहा करून द्यायचीस आणि त्याच चुलीपुढं बसून मी पाठ करायचो. चिमणीपेक्षा चुलीचा उजेड बरा पडायचा. मी वाचायचो आणि तू काड्या सारत बसायचीस, धूर माझ्याकडं येऊ नये म्हणून सुपानं वारा घालत. वारा घातल्यावर तो कुणाकडं जायचा, हे तेव्हा विचारायला हवं होतं, एवढं कळायचं वय नव्हतं. माझी नोकरी, माझा फ्लॅट, माझा पाइपलाइनसारखा चालणारा गॅस, सगळ्याला तुझ्या त्या पहाटेचा वास आहे. म्हणून हा एवढा कागद खरडलाय.

घराच्या भिंती लिंटलपर्यंत आल्यात ना? मग आत्ताच सांग. चूल ओट्याच्या खोलीत नको. जुन्या माळवदाला झरोका होता, सगळा धूर तिकडून जायचा. स्लॅबच्या खोलीत तो कोंडतो, आणि नंतर स्लॅबला भोक पाडलं तर पावसाळ्यात गळतं. मागच्या अंगाला, न्हाणीच्या भिंतीला लागून, दोन बाजूंनी उघडी पत्र्याची पडवी काढा. चुलीची जागा वीट रचून एवढी उंच करा की तुला गुडघे मोडून बसावं लागणार नाही. धुराड्याचा पाइप चार इंची, सरळ, वाकण न देता, पत्र्याच्या वर निदान दोन फूट. वर टोपी. आणि महिन्याला एकदा काजळी काढायला नातवाला लाव, वरून साखळी सोडून हलवली की पडते.

पुढच्या रविवारी मी येतोय, आपण दोघं लातूरला जाऊ. भाच्याला बरोबर घ्यायचं नाही. काही विचारायचं असलं तर फोन कर, पण भाकरी थापताना करू नकोस. दोन्ही हात पिठाचे असले की तू नुसती हं हं करतेस आणि नंतर म्हणतेस, तू असं बोललाच नव्हतास.

तुझा,
धाकटा