तबकडीची दुसरी बाजू

एर्लांगेनच्या फ्लोमार्क्टमध्ये परवा पिंक फ्लॉइडची ‘विश यू वर हिअर’ मिळाली. १९७५ची एल.पी. पुण्यात हॉस्टेलवर माझ्या रूम-पार्टनरने तिची कॅसेट भरून आणली होती. ऑटो-रिव्हर्सवर ती रात्रभर फिरायची, बाजू कधी बदलली ते कळायचंही नाही.

एल.पी.ला मात्र मध्येच उठून उलटावं लागतं. सिड बॅरेटवरचं मोठं गाणं दोन तुकड्यांत, सुरुवातीला आणि शेवटी आहे. सिड बँडचा संस्थापक. मन बिघडत गेलं आणि १९६८मध्ये तो बाहेर पडला. जून १९७५मध्ये, याच रेकॉर्डिंगच्या वेळी, तो अचानक स्टुडिओत आला तेव्हा जुन्या सोबत्यांनी त्याला आधी ओळखलंच नाही. हॉस्टेलवर हा किस्सा ऐकून आम्ही हसलो होतो.

मागच्या पुणे फेरीत आजारपणाने अर्धा झालेला एक माणूस समोर आला. मी “काका, जरा बाजूला” म्हणून पुढे निघालो. मागून माझ्या हॉस्टेलच्या टोपणनावाने हाक आली. तो रूम-पार्टनर होता! दोन मिनिटं बोललो आणि घाईत निघालो.

परवा दुसरी बाजू संपल्यावर त्याला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेबारा.

“झोपलास का रे?”

“नाही. बोला काका!”