रेघा उरल्या, चेहरा राहिला

आज बराच वेळ याव्लेन्स्कीची चित्रं बघत होते. अलेक्सेई फॉन याव्लेन्स्की, जन्माने रशियन. अखेरची वर्षं जर्मनीत, वीसबाडेनला गेली. १९११च्या आसपासचे त्याचे चेहरे भडक रंगांचे, टपोऱ्या डोळ्यांचे. भाव थेट अंगावर येतो. पुढे एकेक गोष्ट गळत गेली. आधी मान, केस. मग उघडे डोळे. १९३४पासूनच्या ‘मेडिटेशन्स’ मालिकेत उरल्या त्या मोजक्या जाड रेघा: नाकाची उभी, मिटल्या डोळ्यांची आडवी. चेहरा म्हणावा की क्रूस?

तोवर संधिवाताने त्याचे हात आखडले होते. दोन्ही हातांनी ब्रश धरून तो छोट्या कागदांवर रंगवायचा. रेघा कमी झाल्या त्या श्रद्धेमुळे की दुखण्यामुळे, हा वाद मला फोल वाटतो. दुखणाऱ्या हाताला नेमकं तेवढंच जमत होतं आणि मनालाही तेवढंच हवं होतं.

ओठांचा बाक नाही, नजर नाही, तरी एक चित्र शोकाचं वाटतं, शेजारचं शांत. रचना तीच, बदलतो फक्त रंग. अमूर्त चित्र भावनेपासून पळ काढतं, असं मला कुणी म्हटलं तर यापुढे मी याच मालिकेकडे बोट दाखवेन.